गेटवरची वही

(बडोद्यात दांडिया बाजारात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. २०२४ च्या ऑगस्टमधले ते चार दिवस आठवा. विश्वामित्री नदी चढत होती, दिवे गेले होते, आणि ज्याचा फोन चालू होता त्याला प्रत्येक जण एकच विचारत होता : काळाघोडा पुलापाशी किती? आजवा धरणात किती? आमच्या सोसायटीच्या जिन्यात तर गुजराती, मराठी, सिंधी सगळे एका सुरात, ‘केटला फूट थयुं?’ २६ फुटांना धोक्याची खूण, आणि पाणी ३५ च्या वर गेलं. त्या रात्री कुणी ‘पाणी बरंच आहे’ असं म्हटलं असतं, तर आपण ते ऐकून घेतलं असतं का? आपल्याला आकडा हवा होता, तोही पुलाच्या खांबावरच्या पट्टीवरून वाचलेला, आणि वाचणारा असा हवा होता की ज्याला तो कमी किंवा जास्त सांगून काही मिळणार नाही.

माझा आजचा विषय एवढाच आहे. कंपन्या दरवर्षी जाहीर करतात की आमच्याकडून इतके टन हरितगृह वायू हवेत गेले. तो आकडा पट्टीवरून वाचलाय का, कोणी वाचला, आणि वाचणाऱ्याचा त्यात काय संबंध आहे, हे तपासणाऱ्या त्रयस्थ माणसाविषयी मला बोलायचंय. नोकरीतली बरीच वर्षं मी मेंटेनन्समध्ये काढली आणि निवृत्तीनंतर हेच तपासणीचं काम करतो. आपल्या गावात हा विषय परका नाही. १९६५ साली कोयलीला रिफायनरी सुरू झाली, मग फर्टिलायझर, नंदेसरी, मकरपुरा. या सभागृहात असं घर क्वचितच असेल, ज्यातला कोणी शिफ्टला गेलेला नाही.

थोडी पूर्वपीठिका सांगतो, बहुतेकांना माहीत आहे म्हणून भरभर. हिशोबाची रीत ‘ग्रीनहाऊस गॅस प्रोटोकॉल’ने २००१ मध्ये घालून दिली, २००४ मध्ये ती सुधारली. तीन स्कोप, म्हणजे उत्सर्जनाचे तीन कप्पे. आपल्या आवारात जे जळतं किंवा गळतं ते पहिला. विकत घेतलेली वीज दुसरा. कच्च्या मालापासून विकलेल्या मालाच्या वापरापर्यंतचं बाकी सगळं तिसरा, आणि त्याचे पंधरा प्रकार. आयएसओ १४०६४ चा पहिला भाग हिशोब कसा मांडायचा ते सांगतो, तिसरा भाग तो कसा तपासायचा ते सांगतो. गणित शाळकरी आहे. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. ग्रिडची हजार युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ टन. वापर गुणिले गुणांक. गुणाकार कोणालाही जमतो, म्हणून चूक तिथे फारशी होत नाही. चूक होते ती वापराच्या आकड्यात, आणि त्याहून जास्त जी ओळ लिहिलीच गेली नाही तिच्यात.

आता ज्यासाठी मी खरं तर आलोय ती गोष्ट. नाव सांगणार नाही, आपल्याच पट्ट्यातला मध्यम आकाराचा कारखाना. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. कॉन्फरन्स रूम थंडगार, समोर ढोकळा, पडद्यावर एक्सेल शीट. पोरगी हुशार होती, शीट तिनेच केली होती, आणि फार नीट केली होती. बॉयलरचा गॅस अडीच लाख घनमीटर, पाचशे टनांच्या आतबाहेर. वीज सहा लाख युनिट, ४२० टन. जीईबीची बिलं (म्हणजे जुनं गुजरात वीज मंडळ, अजून आपण जीईबीच म्हणतो) बारा महिन्यांची, ओळीने लावलेली. जनरेटरचं डिझेल साडेअकरा हजार लिटर, ३१ टन. डिझेलची तर तिने नुसती खरेदी धरली नव्हती. वर्षारंभीचा साठा, अधिक खरेदी, वजा शिल्लक, असा वापर काढला होता. एकूण साडेनऊशे टन. मी बिलं जुळवली, मीटरचे नंबर जुळवले. सगळं जुळलं. जेवायच्या वेळेपर्यंत माझं काम संपल्यात जमा होतं.

जेवण झाल्यावर मी पाय मोकळे करायला गेटपर्यंत गेलो. तिथे जे वॉचमन होते त्यांना सगळे काका म्हणत. टेबलावर त्यांची आवक-जावक वही, कापडी बांधणीची. मला वही दिसली की हात राहत नाही. विचारून उघडली. अक्षर मोत्यासारखं, गाडी नंबर, वेळ, माल, सही. पानं उलटताना मे महिन्यात एक ओळ दिसली : एसीवाला, गॅस सिलिंडर एक, भरलेला, आत. दोन दिवसांनी : सिलिंडर एक, रिकामा, बाहेर. जुलैत पुन्हा तेच. ऑक्टोबरमध्ये पुन्हा. तीन सिलिंडर भरलेले आत आले, तीन रिकामे बाहेर गेले. काकांना विचारलं, किती किलोचा? म्हणाले, दहाचा, माझ्या मुलानेच तर चढवला होता गच्चीवर.

मी शीटवाल्या मुलीकडे परत गेलो. एसीचा गॅस कुठे धरलाय? तिने मेंटेनन्सला फोन लावला. उत्तर आलं, ‘साहेब, ए तो लखातुं ज नथी.’ ते लिहिलंच जात नाही. एसीचं वार्षिक कंत्राट, गॅस त्यातच, वेगळं बिल नाही. बिल नाही म्हणून खरेदी खात्याला माहीत नाही, आणि खरेदीला माहीत नाही म्हणून शीटमध्ये नाही. शिवाय मेंटेनन्सवाले मनापासून म्हणाले की हा गॅस चांगला असतो, सिलिंडरवर तसं लिहिलंय. लिहिलेलं खरंच होतं. तो आर-४१०ए होता आणि त्याने ओझोनचा थर बिघडत नाही. पण ओझोन हा एक प्रश्न आणि तापमानवाढ हा दुसरा. हा गॅस वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ दोन हजार पट उष्णता धरतो. बंद यंत्रात गॅस जळत नाही, संपत नाही. पुन्हा भरावा लागला याचा अर्थ तितका हवेत गेला. तीस किलो गुणिले दोन हजार. साठ टन.

जनरेटर धडधडतो, धूर ओकतो, त्याच्याकडे सगळ्यांचं लक्ष. त्याचे वर्षाचे ३१ टन. आणि गच्चीवरून आवाज न करता, वास न येता जे गेलं ते त्याच्या दुप्पट. साडेनऊशेत साठ म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. तपासणीत चुकीची जी मर्यादा साधारणपणे धरतात, ती पाच टक्के. म्हणजे ती शीट जशीच्या तशी मी मान्य केली असती, तर खोट्याला सही केली असती. कोणीही खोटं बोललेलं नसताना! हे मला अजून लागतं. त्या मुलीने काही लपवलं नव्हतं, मेंटेनन्सने काही लपवलं नव्हतं. आणि खरा आकडा गेटवर, कोणालाही वाचता येईल अशा अक्षरात, पाच महिने पडून होता.

जरा हात वर करा, यंदा घरच्या एसीत कोणी गॅस भरून घेतला? बघा, निम्मं सभागृह. आणि किती ग्रॅम भरला हे कोणी विचारलं? एक, दोन... तुम्ही दोघं उद्यापासून माझ्याबरोबर कामाला चला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. ‘त्रयस्थ पडताळणी कशी असावी’ हे पत्रिकेत छापलंय, तेव्हा ते सांगायलाच हवं. पटापट घेतो.

त्रयस्थ म्हणजे हिशोब मांडण्यात ज्याचा हात नाही तो. मला एकदा असं काम आलं, की ज्यांनी शीट बनवून दिली त्यांच्याच भावकीतल्या संस्थेच्या नावाने ती तपासायची होती, तीही दोन दिवसांत, व्हिडिओ कॉलवर. मी नकार दिला आणि ते काम दुसऱ्या कोणी तरी केलं. राग मला नकार द्यावा लागल्याचा नाही, ते काम झालं याचा आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने जुलै २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर, म्हणजे कंपन्यांच्या पर्यावरण-सामाजिक अहवालातला तपासून घ्यायचा गाभा, आणला, तेव्हा स्पष्ट लिहिलं की तपासणाऱ्याने किंवा त्याच्या सहयोगी संस्थेने त्याच कंपनीला सल्ल्याची सेवा विकू नये. हा नियम मला प्राणाहून प्रिय आहे.

दुसरं, सहीखालचं वाक्य वाचा. इंग्रजीत ज्याला अ‍ॅश्युअरन्स म्हणतात त्याला मी ग्वाही म्हणतो. आश्वासन पुढच्याचं असतं, ग्वाही झालेल्याची. ती दोन प्रकारची. वाजवी ग्वाहीत तपासणारा म्हणतो की हा हिशोब सर्व महत्त्वाच्या बाबतींत बरोबर आहे. मर्यादित ग्वाहीत तो म्हणतो की हा हिशोब चुकीचा वाटावा असं काही माझ्या नजरेस आलं नाही. दुसऱ्यात नजर किती फिरली यावर सगळं आहे. मी गेटवर गेलो नसतो तर माझ्याही नजरेस काही आलं नव्हतं. सेबीने मूळ आराखड्यात वाजवी ग्वाही मागितली, २०२३-२४ ला शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या १५० कंपन्यांना आणि टप्प्याटप्प्याने २०२६-२७ ला पहिल्या एक हजार कंपन्यांना. २०२५ मध्ये ‘मूल्यमापन किंवा अ‍ॅश्युअरन्स’ असा पर्याय दिला. खर्च वाचतो हे कबूल, पण मला ते पाऊल मागे गेल्यासारखं वाटतं, आणि हे मी जाहीरपणे म्हणतो.

तिसरं मकरपुऱ्यातल्या नटबोल्टवाल्यांसाठी. युरोपचा सीबॅम, म्हणजे आयात मालावरचा कार्बन-आकार, १ जानेवारी २०२६ पासून पूर्ण लागू झाला आणि लोखंडी बोल्ट-स्क्रू त्यात येतात. तिकडच्या आयातदाराला प्रत्यक्ष उत्सर्जनाचा आकडा वापरायचा असेल तर तो तपासलेला लागतो, नाहीतर ठरीव आकडा माथी येतो, तोही चढा. जागेवर जाऊन तपासणं हाच तिथला नियम, सूट अपवादाने. म्हणजे उद्या कोणी तरी तुमच्या भट्टीपाशी उभं राहणार आहे. आजपासून वह्या नीट ठेवा.

आणि माझी एक मागणी, जी कुठल्याच मानकात नाही. तपासणीच्या शेवटच्या बैठकीला मॅनेजर असतात, अकाउंट्स असतं, सल्लागार असतो. तिथे बॉयलर अटेंडंट, स्टोअरकीपर आणि वॉचमन यांनाही खुर्ची हवी. आकडा त्यांच्या हातून लिहिला जातो. तो पुढे कुठे जातो, कोणत्या रकान्यात बसतो, हे त्यांना कोणी सांगतच नाही.

त्या कारखान्यात मी पुढच्या वर्षी पुन्हा गेलो. मी काकांना बैठकीला बोलवायला सांगितलं होतं. ते आले, वही बगलेत धरून. वहीत एक नवा रकाना होता : सिलिंडरचं वजन, आत येताना आणि बाहेर जाताना. स्टोअरमधला प्लॅटफॉर्म काटा त्यांनी गेटवर मागून घेतला होता. मी पान वाचत होतो तोवर ते उठले, मला हाताने बाहेर काट्यापाशी घेऊन गेले, आणि न विचारता खाली वाकून तोलमापवाल्यांच्या शिक्क्याची तारीख दाखवली.