पिण्याजोगं पाणी शेताला चालेलच असं नाही

खोऱ्याच्या कडेला मुरलेल्या पाण्यात बहुधा कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जास्त असतं. तेच पाणी चिकणमातीच्या थरांतून मध्याकडे सरकताना माती कॅल्शियम धरून ठेवते आणि बदल्यात सोडियम सोडते. कॅल्शियम घटलं की फ्लोराइड पाण्यात अधिक विरघळू शकतं. म्हणून नमुने प्रवाहाच्या दिशेनं, कडेपासून मध्यापर्यंत घ्या. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

बरेचसे अहवाल बिघडतात ते बाटलीत. पंप सुरू केल्याबरोबर बाटली भरू नका. सामू (pH), तापमान आणि विद्युतवाहकता स्थिर होऊ द्या. सामू आणि बायकार्बोनेट जागेवरच मोजा. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडाला की सामू चढतो, बाटलीच्या तळाशी चुना बसतो आणि अहवालात कॅल्शियम कमी दिसतं. धातूंसाठीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून नायट्रिक आम्लानं सामू २ च्या खाली आणा. त्याच बाटलीतून नायट्रेट मात्र कधीही तपासू नका, आम्लातलंच नायट्रेट मोजलं जाईल! अहवाल हाती आला की आधी धन आणि ऋण आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) भारांच्या बेरजा ताडून पाहा. फरक ५ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढची गणितं करण्यात अर्थ नाही.

आता एक कल्पित नमुना घेऊ. प्रतिलिटर सोडियम १८४, कॅल्शियम २०, मॅग्नेशियम १२ आणि बायकार्बोनेट ४२७ मिलिग्रॅम. मिलीइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे आयनांच्या भारावर आधारलेल्या एककात, हे प्रतिलिटर अनुक्रमे ८, १, १ आणि ७ होतात. चवीला हे पाणी खटकणार नाही. फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ५० मिलिग्रॅमच्या आत असेल, आर्सेनिक आणि जंतूंची तपासणी निर्दोष असेल, तर ते पिताही येईल. नायट्रेटचा आकडा नायट्रोजनच्या रूपात दिलेला असेल तर मर्यादा साधारण ११ धरायची, हे मात्र विसरू नका. सगळे घटक एकत्र करून काढलेल्या सरासरी निर्देशांकावर पिण्याचा निर्णय घेणं मला धोक्याचं वाटतं. नऊ घटक चांगले असले म्हणून दहावा विषारी घटक निरुपद्रवी होत नाही.

शेतीचा हिशेब वेगळा. कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बेरजेच्या निम्म्याचं वर्गमूळ काढून त्यानं सोडियमला भागलं की सोडियम शोषण गुणोत्तर येतं ८. एवढ्यावर धोका मध्यम वाटतो. पण बायकार्बोनेटमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा करा: ७ वजा २, म्हणजे ५. कार्बोनेट असेल तर तेही बायकार्बोनेटमध्ये मिळवायचं. हे अवशिष्ट सोडियम कार्बोनेट २.५ च्या वर गेलं की पाणी सिंचनाला अयोग्य मानतात. जमिनीत कॅल्शियम चुन्याच्या रूपात बसतं, सोडियमचा वरचष्मा होतो, चिकणमातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. जमीन चोपण होते, पाणी वरच साचून राहतं.

यावर उपाय म्हणजे कॅल्शियम पुरवणारं जिप्सम (कॅल्शियम सल्फेट). अवशिष्ट सोडियम कार्बोनेट १ मिलीइक्विव्हॅलंटनं उतरवायला लिटरमागे ८६ मिलिग्रॅम शुद्ध जिप्सम लागतं. आपल्या नमुन्यात ५ वरून २.५ वर यायचं, तर हजार लिटरला २१५ ग्रॅम. हेक्टरी ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे ५ लाख लिटर, त्याला सुमारे १०८ किलो. बाजारातलं जिप्सम शुद्ध नसतं, तेव्हा ७० टक्के शुद्धतेला ते सुमारे १५४ किलो धरा. आणि शेतातून पाण्याचा निचरा होत नसेल, तर जिप्समच्या आधी चर काढा.