कबरीवरचा दगड वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्या पुरुषांना एका जागी आणि स्त्रियांना दुसऱ्या जागी पुरलं. म्हणून नवगावचं कबरस्तान या समाजाला सगळ्यात जवळचं. वाचलेल्यांचे वंशज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे, त्यावरून शनवार तेली हे नाव पडलं. गावांवरून पेणकर, नवगावकर, रोहेकर अशी आडनावं आली, आणि कबरींवर तीच कोरलेली दिसतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. मागे राहिलेल्या कबरींची देखभाल करायला घरचं माणूस उरलं नाही.

या कबरींवर हिब्रूच्या जोडीला मराठीही असते. मराठी पुसट झाली असेल तर हिब्रू वर्ष कामाला येतं. ते अक्षरांत लिहितात, कारण हिब्रूत प्रत्येक अक्षराला किंमत असते. उदाहरणार्थ, दगडावर ही चार अक्षरं असतील: ताव ४००, रेश २००, सामेख ६०, हेत ८, बेरीज ६६८. हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. त्यात १२४० मिळवले की इसवी सन १९०८. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं. महिना तिश्री, हेश्वान असा वर्षाच्या सुरुवातीचा असेल तर एक वर्ष कमी धरा, म्हणजे १९०७. नोंदींत इथे चुका होतात.

अक्षरं दिसत नसली तरी खडू घासू नका, त्याची भुकटी छिद्रांत अडकून बसते. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, किंवा आरशाने बाजूने प्रकाश पाडा. खोलगट अक्षरांत सावली भरते आणि मजकूर उठून दिसतो. तेव्हाच फोटो काढा.

शेवाळ काढायचं तर साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. दगड आधी भिजवा आणि खालून वर घासत जा, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर उमटत नाहीत. पोपडे सुटत असतील तर ब्रश लावूच नका. संगमरवराला ॲसिड लागलं की अक्षरांच्या कडाच विरघळतात. तारेचा ब्रशही नको.

भेगेत सिमेंट भरणं हा सगळ्यात घातक उपाय. सिमेंट जुन्या दगडापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडच फुटतो. तिथे चुन्याचा गिलावा हवा, आणि तोही जाणकाराकडून.