स्लोमचा प्रिन्स-बिशप

(दृश्य: पोनिक्वा गावाजवळचे चढउतार, शेतं, एक शेतघर)

स्लोम. आजच्या स्लोव्हेनियाच्या पूर्व भागातली एक वाडी. 26 नोव्हेंबर 1800 रोजी इथल्या एका शेतकऱ्याच्या घरी थोरला मुलगा जन्मला, अंतोन मार्टिन स्लोमशेक. थोरला, म्हणजे शेती तोच बघणार, असं वडील धरून चालले होते. पण गावच्या चर्चमधले धर्मगुरू याकोब प्राश्निकार यांनी पोराची हुशारी हेरली आणि त्याला शिकायला लावलं. 1824 साली अंतोन पाद्री झाला. क्लागेनफुर्टच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकत असतानाच तो बरोबरीच्या मुलांना स्लोव्हेन शिकवायचा. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता, सरकारदरबारी आणि वरच्या शाळांत जर्मनच चालायची. मात्र ज्यांना उद्या खेड्यात प्रवचन द्यायचं, त्यांना लोकांची बोली नको का यायला?

(दृश्य: लावांट खोरं, सांक्ट आंड्रेचं चर्च)

1846 साली हा शेतकऱ्याचा मुलगा लावांटचा बिशप झाला आणि त्याच्या नावामागे 'प्रिन्स' लागलं. लावांटच्या बिशपाला हा किताब सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने पंधराव्या शतकात दिला होता. तो वंशाचा नव्हता, गादीचा होता. बिशप बदलला की पुढच्याकडे जायचा. आणि गादीवर कोणाला बसवायचं हे साल्झबुर्गचे आर्चबिशप ठरवत. प्रिन्स म्हटलं तरी हाती राज्य नाही, फौज नाही. बिशपप्रांतही लहानसाच.

आमच्या मते स्लोमशेकांची खरी ओळख किताबाच्या आधीपासूनची. वुझेनित्साला धर्मगुरू असताना, 1842 मध्ये, त्यांनी रविवारच्या शाळेसाठी एक पुस्तक लिहिलं. ब्लाझे आणि नेझित्सा ही दोन मुलं त्यात वाचायला, हिशेब करायला शिकतात, गाणी म्हणतात. आठवडाभर शेतात राबणाऱ्या पोरांना शिकायला मोकळा असा रविवारच. पुढे 1845 मध्ये स्लोव्हेन पुस्तकं छापणारी संस्था काढायचा त्यांनी प्रयत्न केला, तर सरकारने परवानगी नाकारली. गडी गप्प बसणारा नव्हता. पुढच्याच वर्षी वार्षिक अंक सुरू केला. 1851 मध्ये धर्मगुरू आंद्रेइ आइनश्पीलर आणि भाषातज्ज्ञ अंतोन यानेझिच यांच्यासोबत संत हेर्मागोरस यांच्या नावाने पुस्तकसंस्था उभी राहिली. सुरुवातीला ती रडतखडत चालली. 1860 मध्ये तिला चर्चच्या बंधुमंडळाचं रूप मिळालं आणि सभासद वाढू लागले. वर्गणी भरायची, वर्षाकाठी पुस्तकं घरपोच. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सभासद 80 हजारांच्या वर होते. एवढ्याशा भाषेत!

(दृश्य: द्रावा नदी, मारिबोरचं कॅथेड्रल)

किताबाचं वजन कामी आलं ते सरहद्दीच्या प्रश्नात. साम्राज्याच्या स्टायरिया प्रांतातले बरेच स्लोव्हेन ग्राट्सच्या बिशपाखाली होते आणि लावांटची गादी दूर, शेजारच्या कॅरिंथिया प्रांतात. स्लोमशेकांनी रोम आणि व्हिएन्नाशी वाटाघाटी लावून धरल्या. 1859 च्या सप्टेंबरमध्ये गादी मारिबोरला आली, सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि तिथले स्लोव्हेन एका बिशपाखाली आले. त्याच वर्षी शहरात धर्मशास्त्राचं उच्च शिक्षण सुरू झालं.

त्यांना क्रांतिकारक मात्र समजू नका. 1848 च्या धामधुमीतही ते राजघराण्याशी एकनिष्ठच राहिले. भाषेसाठी हट्टी, सिंहासनापुढे नम्र. हे दोन्ही एकाच माणसात होतं, आणि त्याची लपवाछपवी करायचं कारण नाही.

24 सप्टेंबर 1862 रोजी मारिबोरला त्यांचं निधन झालं. 1999 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी तिथेच येऊन त्यांना धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी दिली. हा मान मिळालेले ते पहिले स्लोव्हेन.

1918 मध्ये ऑस्ट्रिया फुटला, तेव्हा स्लोव्हेन सेनाधिकारी रुडॉल्फ माइस्टरच्या सैनिकांनी मारिबोर ताब्यात घेतलं आणि ते दक्षिणेच्या नव्या राज्यात, म्हणजे पुढच्या युगोस्लाव्हियात, गेलं. त्याचं श्रेय बिशपांना देणारे बरेच आहेत. शहर घेतलं बंदुकांनीच, हे खरं. पण चर्चच्या नकाशावर ते स्लोव्हेन मुलुखाचं केंद्र होऊन तोवर 59 वर्षं झाली होती.