चिमट्यापासून सुरू होणारी चाचणी

रिपोर्टवर आकडा दिसला की वाटतं, कुणीतरी वस्तू समोर ठेवून मोजली. प्रयोगशाळेत बहुतेकदा तसं नसतं. आपण खूण मोजतो आणि तिच्यावरून वस्तूचा हिशेब लावतो. म्हणून चूक यंत्रात कमी आणि यंत्राच्या आधी जास्त होते. घामापासूनच बघू.

सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं आणि पचन बिघडवणारा आनुवंशिक आजार. तो असलेल्या मुलांच्या घामात मीठ फार असतं, हे १९५३ साली प्रसिद्ध झालं. पण तपासण्यापुरता घाम आणायचा कुठून? तेव्हा बाळांना गुंडाळून उबेत ठेवायचे. त्यात धोका होता. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी सुटसुटीत वाट काढली. पिलोकार्पिन हे औषध सौम्य विद्युतप्रवाहानं हाताच्या कातडीत उतरवायचं, म्हणजे तेवढ्याच जागी घाम सुटतो. मग जागा पुसून, आधी वजन केलेला गाळणकागद अर्धा तास तिथं झाकून ठेवायचा.

आता खरी गंमत. कागद चिमट्यानंच उचलायचा. शिकत असताना मी एकदा नुसत्या बोटांनी उचलला. रोग्याच्या मिठात माझंही मीठ गेलं आणि तो नमुना टाकून द्यावा लागला. झाकण जरा सैल राहिलं तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि निरोगी बाळ आजारी ठरू शकतं. कागदावर निदान ७५ मिलिग्रॅम घाम हवा. दोन हातांचा थोडा-थोडा एकत्र करून भागवायचं नाही, कारण घाम सावकाश आला की त्यातल्या मिठाचं प्रमाणच बदलतं. क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा वर गेलं तर आजाराची दाट शक्यता, ३० च्या खाली असेल तर फारच कमी. मधल्यांना पुन्हा बोलवायचं.

त्वचेवरच्या तेलाची चाचणी याहून सोपी. धुरकट पट्टी कपाळावर दाबायची. वड्याखालचा कागद होतो तशी ती पारदर्शक होते. आरपार किती प्रकाश गेला, तेवढं वाचायचं.

संप्रेरकांचं रक्तातलं प्रमाण इतकं नगण्य, की जुन्या रासायनिक पद्धती तिथं हात टेकायच्या. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन या अमेरिकी संशोधकांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इन्सुलिन आणि रोग्याचं इन्सुलिन यांना इन्सुलिनला चिकटणाऱ्या मोजक्याच प्रतिपिंडांसाठी झगडायला लावलं. रोग्याचं जितकं जास्त, तितकं खुणेचं बाहेर फेकलं जातं. यालोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन १९७२ मध्येच गेले होते. आज किरणांऐवजी बहुधा प्रकाश वापरतात आणि बऱ्याच यंत्रांत खूण धरून ठेवायला बायोटिन या जीवनसत्त्वाची पकड असते. रक्तात जास्तीचं बायोटिन असलं की ती पकड अडते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याची थायरॉइड चाचणी अशा यंत्रावर केली, तर टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं संप्रेरक) खोटं कमी आणि टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) खोटं जास्त येऊ शकतं. कागदावर थायरॉइड उधळलेलं, माणूस मात्र ठणठणीत. गोळ्यांबद्दल विचारायला अर्धं मिनिट लागतं. ते कुणी विचारत नाही, याचा मला राग येतो.

गर्भातल्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, गोष्ट वेगळी. तिथं विकर किती आहे यापेक्षा ते काम किती करतं ते बघतात. टे-सॅक्स या चेतापेशी नष्ट करणाऱ्या आनुवंशिक आजारात हेक्सोसॅमिनिडेज-ए हे विकर नसतं, हे १९६९ मध्ये कळलं. गर्भजलातल्या पेशी वाढवून त्यांच्या अर्काला एक कृत्रिम साखर खायला देतात. विकरानं ती तोडली की सुटणारा तुकडा अतिनील प्रकाशात निळा चमकतो. पण जोडीदार हेक्सोसॅमिनिडेज-बी सुद्धा तेच काम करतं. मग उपाय? अर्क ठरलेला वेळ तापवायचा. ए उष्णतेनं मरतं, बी तगतं. आधीच्या चमकेतून नंतरची वजा केली की ए चा हिशेब लागतो. मला ही युक्ती अजूनही देखणी वाटते.

आणि वारेचा तुकडा घेतला असेल, तर आईच्या पेशी सोबत येतात. आईत विकर असतंच. तिच्या पेशी नळीत राहिल्या तर आजारी गर्भही निरोगी दिसेल. म्हणून तुकडा आधी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि आईचा भाग एकेक करून वेचून काढतात. चिमट्यानंच.