तोच दाह, तेच औषध

श्रोतेहो, नमस्कार.

२०२१चा एप्रिल, कोविडची दुसरी लाट आठवतेय ना? घरोघरी फोनवर एकच चौकशी: "सीआरपी किती आलं?" सीआरपी म्हणजे अंगातला दाह किती वाढलाय ते सांगणारी रक्ततपासणी. आणि मग हातात चिठ्ठी पडायची, टॉसिलिझुमॅब आणा. एका इंजेक्शनसाठी लोकांनी अख्खी शहरं पालथी घातली. नाव उच्चारताना जीभ अडखळायची, पण पाठ मात्र सगळ्यांना झालं होतं.

हे औषध मुळात संधिवाताचं. त्याची सुरुवात होते जपानात. ओसाकाचे तादामित्सु किशिमोतो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली इंटरल्युकिन-६ या रेणूचं जनुक शोधून काढलं. शरीरात कुठं गडबड झाली की पेशी एकमेकींना सांगावा धाडतात, "धावा, इकडं या!" असा सांगावा नेणाऱ्या रेणूंपैकी हा एक. मग ताप चढतो, सूज येते. यालाच आपण दाह म्हणतो. टॉसिलिझुमॅब हा सांगावा पेशीच्या दारातच अडवतं.

आता संधिवाताचं औषध कोविडच्या वॉर्डात पोचलं कसं? मधला एक मुक्काम कॅन्सरच्या वॉर्डात आहे, आणि मला तोच सगळ्यात रंजक वाटतो.

२०१२ साल. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. एमिली व्हाइटहेड, वय वर्षं सहा, रक्ताचा कॅन्सर. केमोथेरपी हरली होती. डॉक्टरांनी तिच्याच रक्तातल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशी, काढल्या, त्यांची जनुकं बदलली आणि कॅन्सरवर सोडल्या. पेशी तुटून पडल्या खऱ्या, पण त्या धुमश्चक्रीत पोर व्हेंटिलेटरवर गेली. रक्त तपासलं तर इंटरल्युकिन-६ भलतंच वाढलेलं. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता, त्यामुळे टॉसिलिझुमॅब त्यांना ठाऊक होतं. बापाची माहिती अशी कामी आली. औषध दिलं, ताप उतरला आणि एमिली आपल्या सातव्या वाढदिवशी शुद्धीवर आली.

आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून तयार झालेल्या अशाच पेशी-उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळाली. त्यातही दाहाच्या या वादळावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवावी लागते.

कोविडमध्ये कॅन्सर नव्हता, बदललेल्या पेशी नव्हत्या. होता तो विषाणू. पण बऱ्याच रुग्णांत फुप्फुसांची जास्त नासधूस केली ती आपल्याच पेटलेल्या प्रतिकारशक्तीनं. म्हणून टॉसिलिझुमॅब इथंही पोचलं. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या दाह शमवणाऱ्या स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता, त्यांना काही फायदा झाला नाही. विषाणूशी लढायला थोडा दाह हवाच असतो. तो अकाली विझवून कसं चालेल? तरी आपल्याकडे पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड घेणारे कमी नव्हते. त्यात मधुमेह असला की काळ्या बुरशीला आयतं आमंत्रणच.

हा झाला भडका. दुसरा दाह असतो राखेखालच्या निखाऱ्यासारखा. जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिर्शो यांना १८६३ मध्येच कॅन्सरच्या गाठींत दाहाच्या वेळी धावून येणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी दिसल्या होत्या. हिपॅटायटिस बीचंच घ्या. हा विषाणू यकृतात ठाण मांडतो, पण यकृताच्या पेशी मारतात त्या मुख्यतः आपल्याच सैनिक पेशी. मेलेल्यांच्या जागी नव्या येतात, त्याही मरतात, पुन्हा नव्या. वीस-तीस वर्षं ही घाई चालली की पेशीविभाजनात चुका साचतात. शिवाय विषाणू आपला जनुकीय तुकडाही पेशीत घुसवतो. सगळंच खापर दाहावर फोडता येत नाही; गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू तर बराचसा वेगळ्या वाटेनं जातो.

तैवाननं १९८४ पासून नवजात बाळांना हिपॅटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली आणि पुढं तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर घटला. आपल्याकडेही बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत ही लस देतात. घरी तिला काविळीची सुई म्हणतात. कॅन्सरचं नाव त्यात कुणी घेत नाही.

नमस्कार.