टाउची वाट

(दृश्य: दाभोळची जेटी. फेरीबोटीत चढणाऱ्या मोटारी.)

दाभोळच्या जेटीवरून वाशिष्ठीच्या खाडीपलीकडचं धोपावे स्पष्ट दिसतं. फेरीबोट असली की माणसं, मोटारी थोड्याच वेळात पलीकडे. नसली, तर खेड-चिपळूणवरून लांबचा वळसा. कोण कुठे पोचणार, हे इथे अंतरावर नाही, वाटेवर ठरतं. मेंदूत अल्झायमर हा विस्मृतीचा आजार पसरतो तोही असाच.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालचा मेंदूचा छेद.)

1906 साली अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूत दोन गोष्टी दाखवल्या. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत गुंता झालेले धागे. थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे, धागे टाउ नावाच्या प्रथिनाचे. माणूस किती विसरतो, याचा संबंध अमायलॉइडपेक्षा टाउशी जास्त जुळतो.

हा टाउ वाटेल तिथे उगवत नाही. 1991 मध्ये हायको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने त्याचे टप्पे मांडले. सुरुवात कानशिलाच्या आतल्या बाजूला, एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये. तिथून हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी जिथे घडतात ती जागा. पुढे भाषा, दिशा, निर्णय यांचे भाग. मग 2012 मध्ये उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले: माणसाचा टाउ फक्त एन्टोरायनल भागात तयार होईल अशी व्यवस्था केली होती, तरी काही महिन्यांनी तो पुढच्या, जोडलेल्या पेशींत सापडला. बिघडलेला टाउ चेतापेशींमधला सांधा ओलांडतो आणि पलीकडच्या चांगल्या टाउलाही आपल्यासारखा वळवतो. जिवंत माणसांच्या मेंदूत टाउ कुठे साचलाय हे दाखवणाऱ्या पेट (PET) स्कॅनमध्येही तेच दिसतं. ज्या भागांचं एकमेकांशी दळणवळण दाट, त्यांच्यात टाउ साधारण सारखाच साचतो.

(दृश्य: गुहागरकडचं एक घर. मे महिना. पडवीत रातांब्यांची रास.)

"जेवले का गो मी?" आजी सुनेला पुन्हा विचारतात. ताट आत्ताच उचललंय. पण रातांबे पुढ्यात आले की त्यांचे हात थांबत नाहीत. फोडायचा, बी वेगळी, साल वेगळी. यात नवल वाटतं, आणि वाटावंच. पण कारण आहे. हालचाली चालवणाऱ्या भागापर्यंत टाउ फार उशिरा पोचतो. हाताला बसलेलं काम तर हिप्पोकॅम्पसवर फारसं अवलंबूनच नसतं. म्हणून आजींच्या हातातलं काम काढून घेऊ नका. ते त्यांचं अजून शाबूत आहे.

"वय झालं, चालायचंच" असं आपल्याकडे सहज म्हणतात, आणि तिथेच वेळ जातो. मेंदूतले बदल लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेले असतात. शिवाय प्रत्येक विसरणं अल्झायमर नसतं: थायरॉइड बिघडला, बी-12 कमी पडलं, मन खचलं, तरी माणूस विसरतो, आणि त्यावर उपचार आहेत. त्यासाठी आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यायला हवं.

(दृश्य: प्रयोगशाळा.)

अमायलॉइड काढणारं लेकानेमॅब हे औषध 2023 मध्ये अमेरिकेत पूर्णपणे मंजूर झालं. ते आजार सुरुवातीला असतानाच देतात. त्याने घसरण थोडी मंदावते, थांबत नाही. टाउला दोन पेशींच्या मधेच पकडणाऱ्या प्रतिपिंडांच्या पहिल्या चाचण्यांना हवं तसं यश आलं नाही. आता काही संशोधक पेशीच्या आतच टाउ कमी बनावा, असा प्रयत्न करताहेत.