नकाशावरचं पांढरं कोकण

(कुडाळ येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘पेटंट आणि प्रादेशिक विकास : मोजमापाचे प्रश्न’. हे वाचूनही जे आलात ते एकतर अभ्यासू, नाहीतर नंतरच्या चहासाठी आलेले. मला दोन्ही चालतात.

मागे मुंबईत एका बैठकीत पडद्यावर महाराष्ट्राचा नकाशा लागला. पेटंटचे अर्ज जास्त, तिथे रंग गडद. मुंबई-पुणं काळंकुट्ट, आपली किनारपट्टी धुतल्यासारखी पांढरी. सांगणारे गृहस्थ म्हणाले, कोकणात नवं काही करायचं वातावरणच नाही. मी गप्प पाणी प्यालो. पण तेव्हापासून मला त्यांना आमच्या वाडीतला झेला दाखवायचाय.

आता झेला म्हणजे काय हे या सभागृहात सांगणं म्हणजे मार खायची कामं. तरी बाहेरच्यांसाठी सांगतो, लांब बांबूच्या टोकाला पातं आणि जाळी लावलेलं आंबे उतरवायचं साधन. हापूस खुडताना देठ थोडा राखावा लागतो, नाहीतर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि दलाल निम्मा भाव सांगतो. दापोलीच्या विद्यापीठाचा ‘नूतन’ झेला त्यासाठीच आहे. आमच्या वाडीतल्या एका काकांनी त्याच्यावर आणखी करामत केली. सायकलच्या ब्रेकची तार बांबूच्या कडेनं वर नेली आणि खाली मुठीजवळ ब्रेकचाच दांडा बसवला. दांडा दाबला की वर पातं मिटतं, देठ हवा तेवढा राहतो. हिसका द्यावा लागत नाही, त्यामुळे शेजारचे कच्चे आंबे गळत नाहीत. काकूंचं म्हणणं, ब्रेक झेल्याला लावला हे ठीक, पण सायकलला कोण लावणार? ती सायकल अजून तशीच आहे.

काका खूश. आल्यागेल्याला दाखवला. तिठ्यावरच्या वेल्डरनं मोजमाप घेतलं आणि पुढच्या हंगामात गावभर तसले झेले. काकांना विचारलं, पेटंट का नाही घेतलंत? म्हणाले, “घेऊन काय करू, शेजाऱ्याक नको म्हणू?” आणि तोवर उशीरही झाला होता. अर्जाआधीच वस्तू चारचौघांत वापरात आली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. थोडक्यात, आपल्याकडचा मोकळेपणाच आपल्याला नकाशावर पांढरा ठेवतो.

त्यात कायद्याचंही ऐका. १९७० च्या पेटंट कायद्यातल्या तिसऱ्या कलमानुसार शेती-बागायतीची पद्धत हा शोध धरला जात नाही, झाडांच्या जातींनाही पेटंट नाही. नीलम आणि हापूसच्या संकरातून आलेला रत्ना, पुढे रत्ना-हापूसच्या संकरातला पातळ कोयीचा सिंधू, वेंगुर्ल्याच्या काजूच्या जाती, यातलं एकही त्या नकाशात दिसणार नाही. जातींची नोंदणी २००१ च्या वेगळ्या कायद्याखाली होते. कुणी म्हणेल, हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं की. मिळालं, पण ती वारशाची पावती आहे, नव्या शोधाची नव्हे. पुढाऱ्यांच्या भाषणात हे दोन्ही एकाच टोपलीत असतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे. पाच मिनिटं. म्हणजे खरा विषय आता.

पहिलं, पत्ता. अर्जदार कंपनीचा पत्ता धरला तर इथल्या कारखान्यात सुचलेली सुधारणा मुंबईच्या खात्यात जाते. चाकरमान्यासारखं आहे, जन्म इथला आणि रेशनकार्ड तिकडचं. पेटंटच्या अर्जाच्या फॉर्म १ वर शोधकर्त्याचाही पत्ता असतो, मोजणी त्यावरून करा. शोधकर्ते तीन असतील तर प्रत्येकाच्या जिल्ह्याला एक तृतीयांश द्या.

दुसरं, दरडोई आकड्यापासून सावध. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. म्हणजे एकही जादा अर्ज न करता ‘लाखामागे पेटंट’ वाढतं!

तिसरं, नुसती संख्या मोजू नका. एखाद्या पेटंटचा पुढच्या पेटंटांत उल्लेख किती झाला ते बघा, आणि पेटंटधारक वापराची माहिती देतात त्या फॉर्म २७ वरून ते खरंच वापरात आहे का ते बघा. बरीचशी पेटंटं कपाटातच म्हातारी होतात.

चौथं, आर्थिक वाढ. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मंजुरी त्याच्याही नंतर. तेव्हा या वर्षीचे अर्ज आणि याच वर्षीचं जिल्ह्याचं उत्पन्न शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. शिवाय पैसा आहे म्हणून पेटंट, की पेटंट आहे म्हणून पैसा? आपल्याकडे तर उत्पन्नात मुंबईहून येणारी मनीऑर्डरही मिसळलेली. त्यासाठी निदान दहा वर्षांची आकडेवारी जिल्हावार लावावी लागेल. ती पद्धत सांगायची होती, पण चिठ्ठी दुसऱ्यांदा आली आहे. प्रश्न चहाला विचारा. आणि कुणाच्या डोक्यात नवा झेला असेल, तर तिठ्यावर जाण्याआधी अर्ज भरा.